पिवळी रात्रीची

लखनौच्या कडेला, चिनहटच्या त्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी माणूस जेमतेम श्वास घेण्यापुरता थांबे. चिठ्ठी आत जाई, गोळ्या बाहेर येत, आणि जे काही सांगायचं ते मृणाल खरेला त्या मधल्या वेळात सांगून टाकावं लागे. ‘ये सुबह, नाश्ते से पहले. ये रात को.’ मागच्या माणसाचा हात तोवर पुढच्याच्या बगलेखालून आत आलेला असे.

मृणाल मूळची वर्ध्याची. औषधशास्त्रात एम. फार्म. केलेली, बोलायला कमी आणि मोजमापाला पक्की. नवऱ्याची, देवदत्तची, रेल्वेच्या नोकरीत लखनौला बदली झाली तेव्हा दोघांनी तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर घेतलं आणि मृणालने एका ट्रस्टच्या या दवाखान्यात नोकरी धरली. ही दोन हजार बाराची गोष्ट. बीपीचे, साखरेचे, दम्याचे रोगी यायचे. कारखान्यांतून निवृत्त झालेले लोक, त्यांच्या बायका, विधवा. बहुतेकांना गोळीचं नाव वाचता येत नसे. आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण चिठ्ठीबरहुकूम कात्रीने कापून दिलेल्या स्ट्रिपवर नावाचं एखादं अक्षर उरलं तर उरे.

म्हणून इथे सगळा कारभार रंगांवर चाले. ही पद्धत नक़वीसाहेबांची. मृणालच्या आधी तेच या खिडकीत होते, इतकी वर्षं की त्यांच्या आधी कोण होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुलाबी सकाळची, साखरेची. पिवळी रात्रीची, रक्तातल्या चरबीची. खिडकीतून गोळ्या दिल्या की काम संपलं असं ते मानत नसत. गर्दी ओसरली की ते व्हरांड्यातल्या बाकड्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसत, एकेका रोग्याला शेजारी बसवून घेत आणि म्हणत, ‘अब आप बताइए.’ रोग्याने स्वतःच्या तोंडाने सगळं नीट म्हणून दाखवल्याशिवाय त्याला उठू देत नसत. निवृत्त झाल्यावरही ते रोज येऊन त्या बाकड्यावर बसायचे. मागल्या थंडीत, धुकं दाटलेलं असताना, ते वारले. मृणाल आली ती त्यानंतर.

हे सगळं मृणालला राजारामने सांगितलं. राजाराम दवाखान्यातला शिपाई. नंबर पुकारणं, गोळ्यांची खोकी उतरवणं, दार लावणं ही त्याची कामं. मृणालने ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, पद्धत चांगली होती. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या खिडकीवर अशी झुंबड नसते.

मग पावसाळा सरता सरता औषधांचा नवा पुरवठा आला. कंपनी बदलली, गोळ्या बदलल्या. साखरेची गोळी आता पिवळी होती आणि चरबीची पांढरी.

मृणालने खोकं उघडलं आणि तिथेच थबकली. पुढे काय होऊ शकतं हे तिला त्याच क्षणी दिसलं होतं. साखरेची ती गोळी पोटात गेली की साखर उतरवणारच. पुढ्यात जेवण असो वा रात्रभराचा उपास. म्हणून तिने पाकिटांवर ठसे मारले, पिवळीवर सूर्य आणि पांढरीवर चांदोबा. खिडकीत सांगायची दोन वाक्यं वाढवली. ‘रंग बदल गया है. पीली अब सुबह की है.’ लोक मान डोलवत, पाकिटं घेत, बाहेर जात.

दसऱ्याच्या सुमाराला ते परत येऊ लागले. कुणाला पहाटे दरदरून घाम फुटत होता. कुणी झोपेत ओरडत होतं. एका म्हाताऱ्याने आपल्या मेलेल्या भावाला खाटेच्या पायथ्याशी बसलेलं पाहिलं होतं. डॉक्टर सुनीती अस्थाना, दवाखान्यातल्या एकुलत्या एक डॉक्टर, आधी चक्रावल्या. मग मृणालने एकेकाला खिडकीशी थांबवून विचारलं, आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. पिवळी रात्री घेतो.

त्यांत चंद्रप्रभा होत्या. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. नवरा सायकलच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. कुंभारांच्या गल्लीत एका खोलीत एकट्याच राहायच्या.

‘अम्मा, मैंने कहा था न, पीली सुबह?’

‘कहा था बिटिया. सुना हमने.’

‘फिर?’

‘फिर बाहर नक़वी साहब बोले, पीली रात की.’

‘वो तो पहले कहते थे, अम्मा. पुरानी बात है.’

चंद्रप्रभांनी तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. ‘पुरानी काहे. उसी दिन बोले. तुमसे दवा ली, बाहर जाके बैठे, तो बोले.’

मागून कुणीतरी ओरडलं की अम्मा, घर बसा लो यहीं. चंद्रप्रभा बाजूला झाल्या. मृणालने पुढची चिठ्ठी घेतली, पण तिच्या हातातली कात्री काही वेळ नुसतीच उघडी राहिली.

दुपारी तिने राजारामला विचारलं. तो खोकी रचत होता, वळलादेखील नाही.

‘बैठते हैं, मैडम जी. सबको मालूम है.’

‘तुमने देखा है?’

‘हमें काहे दिखेंगे? हम कौन मरीज़ हैं.’

खिडकीच्या बाजूच्या भिंतीत एक लहान जाळी होती. तिच्यातून व्हरांड्याचा तुकडा दिसे. मृणालने तिथून आजवर कधी पाहिलं नव्हतं, पाहायला वेळच नसे. आता ती गोळ्या कापता कापता मान तिकडे वळवू लागली. जे दिसलं त्यात भिण्यासारखं खरं तर काही नव्हतं. गोळ्या घेतलेली माणसं बाहेर जात, बाकड्याच्या डाव्या टोकाला बसत, पाकीट मांडीवर उघडत. उजवं टोक रिकामं राही. कितीही गर्दी असली, माणसं भिंतीला टेकून उभी असली, तरी रिकामंच राही. बसलेला माणूस मान थोडी उजवीकडे कलवी, ऐकल्यासारखी. मग त्याचे ओठ हलत. मग तो उठे आणि दुसरा त्याच्या जागी बसे.

आवाज येत नव्हता, असं मात्र तिला म्हणता येईना. जाळीतून काहीतरी यायचं, भिंतीपलीकडे कुणी हलक्या, घोगऱ्या गळ्याने बोलावं तसं. शब्द लागत नसत. आधीही ते यायचं, हे तिला आता आठवलं. पहिल्या दिवसापासून यायचं. रोगी आपसांत बोलत असतील असं ती धरून चालली होती.

रात्री जेवताना तिने देवदत्तला सांगितलं. तो पोळीचा घास हातात धरून ऐकत राहिला.

‘तुझ्या भुताचं फार्मसी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन आहे का, ते आधी बघ,’ तो म्हणाला.

‘चेष्टा करू नकोस. लोक आजारी पडतायत.’

‘अगं, मग तूच म्हणतेस ना, साखर उतरली की भास होतात? झालं की. म्हातारी माणसं, घामाघूम होऊन उठतात, मेलेली माणसं दिसतात. यात नक़वी आला कुठून?’

‘क्रम उलटा आहे,’ मृणाल म्हणाली. ‘गोळी रात्री घेतली तर साखर उतरणार. पण गोळी रात्री घ्यायची हे त्यांना दुपारी सांगितलं जातंय. तेव्हा त्यांची साखर व्यवस्थित असते. मी दोघांची तपासली.’

देवदत्तने घास तोंडात घातला. ‘तू भुताची साखर तपासायला जाणार आता, मला दिसतंय,’ तो म्हणाला. पण मग भाजी परत वाढून घ्यायचं विसरला.

मृणालने जे सुचलं ते केलं. डॉक्टर सुनीतींकडे जाऊन जुन्या रंगाच्या गोळ्या परत मागवता येतील का विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मृणाल जी, अगले टेंडर तक यही खाना है और यही खिलाना है.’ तिने राजारामकडून बाकडं उचलवून मागच्या कोठीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाळीतून पाहिलं तर माणसं त्याच जागी भिंतीला टेकून फरशीवर बसत होती आणि उजवीकडे एका माणसाची जागा सोडत होती. एक बाई तान्हं मूल घेऊन आली, दमलेली, बसायला जागा शोधत होती. तिलादेखील कुणी तिथे बसायला सांगितलं नाही आणि ती बसली नाही.

बाकीच्यांची मुलं, सुना होत्या. मृणालने त्यांना बोलावून घेतलं, घरच्या कुणाच्या तरी हातात सकाळची गोळी सोपवली. चंद्रप्रभांना कुणी नव्हतं. तिला चैन पडेना. तिने घराजवळच्या कपूरथला बाजारातून तीच साखरेची गोळी दुसऱ्या कंपनीची, जुन्यासारखीच गुलाबी, विकत आणली आणि पिवळ्या गोळीऐवजी ती चंद्रप्रभांना दिली.

‘लो अम्मा, गुलाबी. सुबह की. अब तो ठीक?’

‘ये हुई न बात,’ चंद्रप्रभा म्हणाल्या. बाहेर जाऊन फरशीवर बसल्या, मान कलवली, ओठ हलवले, गेल्या. मृणालला वाटलं, आता जमलं.

त्या आठवड्यातच एका सकाळी कुंभारांच्या गल्लीतले दोघे जण चंद्रप्रभांना खाटेसकट घेऊन आले. तोंडाला फेस होता, डोळे उघडे होते पण कुठेच पाहत नव्हते. दूधवाल्याने दार वाजवलं, उत्तर आलं नाही म्हणून कडी तोडली होती. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि लगेच शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. मृणालने बाटली धरली होती. हळूहळू म्हातारीच्या डोळ्यांत कुणीतरी परत आलं. तिने मृणालकडे पाहिलं, मग मृणालच्या उजव्या खांद्याच्या मागे पाहिलं आणि ओळखीचं हसली. मृणालने मागे वळून पाहिलं नाही.

एकदोन दिवसांनी, चंद्रप्रभा घरी परतल्यावर, दुपारी ती त्यांच्या खोलीवर गेली. गल्लीत दोन्ही बाजूंना कच्ची मडकी उन्हात मांडलेली होती, मधून जेमतेम पाऊलवाट. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि कोनाड्यात बिस्किटाचा जुना डबा.

‘अम्मा, दवा दिखाओ.’

डब्यात तिने दिलेल्या गुलाबी गोळ्या होत्या, हिशेबाने बरोबर कमी झालेल्या. पांढऱ्या होत्या, जशाच्या तशा. आणि तळाशी जुन्या, सूर्याचा ठसा मारलेल्या पाकिटात पिवळ्या.

‘ये अब भी खाती हो?’

‘गुलाबी सुबह, पीली रात. तुमने पीली दी नहीं, तो पहले की रखी थी.’

म्हणजे साखरेची गोळी दोनदा. सकाळी तिची, रात्री नक़वीसाहेबांची. मृणाल खाटेच्या कडेवर टेकली. तिने गुलाबी गोळी दिली नसती तर ही बाई पडली नसती, निदान इतकी नसती. तिने पिवळ्या गोळ्या काढून पर्समध्ये घातल्या.

‘अम्मा, मेरी बात सुनो. आप मर जातीं.’

‘हाँ, सो तो है.’

‘फिर मेरी क्यों नहीं सुनतीं?’

चंद्रप्रभांनी स्टोव्हवरचं चहाचं भांडं उतरवलं, पदराने त्याचे कान धरून चहा गाळला. त्यांना राग आला नव्हता. हट्टही नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. त्या काहीतरी साधी गोष्ट लहान मुलाला कशी सांगावी याचा विचार करत होत्या.

‘बिटिया, तुम पढ़ी-लिखी हो, झूठ काहे बोलोगी. पर वो भी कभी झूठ नहीं बोले. हमारे आदमी के टाइम से दवा दे रहे हैं. अब दो जने दो बात कहें तो हम किसकी मानें?’ त्यांनी कप पुढे केला. ‘उनको बताओ न. दवा बदल गई, ये उनको किसी ने बताया होगा? वो तो जाड़े में ही चले गए.’

मृणाल चहा घेत राहिली. बाहेर कुणीतरी मडक्यावर बोट वाजवून पाहत होतं. तिला त्या बोलण्यात हसण्यासारखं काही सापडेना. नवा साठा आला की तो देणाऱ्या प्रत्येकाला कळवायचं, हा नियम होता. एकाला कळवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपली, डॉक्टर गेल्या, तरी मृणाल थांबली. तिने राजारामला बाकडं परत जागेवर ठेवायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. बाकडं ठेवलं, फडक्याने पुसलं, उजवं टोक जरा जास्त पुसलं, आणि फाटकापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

ती डाव्या टोकाला बसली. कार्तिकातली दुपार, व्हरांड्यात सावली. फैजाबाद रोडवरून ट्रक जात होते. तिला एकदम फार अवघडल्यासारखं झालं, परीक्षेला बसल्यासारखं. देवदत्तने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता, असं मनात आलं, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही हेही आलं. चंद्रप्रभांच्या घरी आता पिवळी गोळी नव्हती. पण पुढच्या सोमवारी त्या येणार होत्या, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बाहेरच्या गोळ्या बंद, सगळ्यांना एकच रंग, पिवळीच, पण अम्मांना अर्धी. सोमवारी ती अर्धी पिवळी या बाकड्यावरून पुढे कुठे जाणार होती, सकाळकडे की रात्रीकडे, ते इथेच ठरणार होतं.

‘आदाब, नक़वी साहब,’ ती म्हणाली.

आवाज अगदीच लहान निघाला. तिने घसा साफ केला.

‘मैं मृणाल खरे. आपकी खिड़की पर मैं बैठती हूँ. दवा बदल गई है. आपको बताना चाहिए था, नहीं बताया, माफ़ कीजिए.’ तिने पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप बाकड्यावर, मधल्या मोकळ्या जागेत ठेवली. ‘पीली अब चर्बी वाली नहीं है. ये शक्कर की है. जो पहले गुलाबी थी, वही. सुबह देनी है, नाश्ता सामने हो तब. रात को बिल्कुल नहीं. रात को देंगे तो आदमी नींद में चला जाएगा.’ मग पांढरी स्ट्रिप तिच्याशेजारी. ‘और सफ़ेद, ये चर्बी की है. ये रात की.’

खिडकीत ती इतकं सावकाश कधी बोलली नव्हती. शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं, पण ते म्हटल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं.

‘अब आप बताइए.’

उत्तर आलं नाही. ती थांबून राहिली. नक़वीसाहेब रोग्यासाठी थांबत असतील तितकं, ओठ हलेपर्यंत. एक ट्रक गेला, त्याच्यामागे दुसरा. मधल्या शांततेत भिंतीपलीकडे, औषधाच्या रिकाम्या खोलीत, काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. नेहमी ती आत असे आणि आवाज बाहेर. आज ती बाहेर होती. तिने वळून जाळीकडे पाहिलं. आत अंधार होता. मग तेही थांबलं.

तिने स्ट्रिपा उचलल्या. सावलीत ठेवलेली पिवळी स्ट्रिप कोमट लागली. मगापर्यंत ती आपल्याच मुठीत होती, हे तिने स्वतःला बजावलं.

सोमवारी चंद्रप्रभा आल्या. रांगेत काठी टेकवत, कुणाशी तरी भांडत, पुढे सरकत. मृणालने अर्ध्या केलेल्या पिवळ्या गोळ्या एका पाकिटात घातल्या, पांढऱ्या दुसऱ्यात, आणि जे सांगायचं ते सांगितलं. चंद्रप्रभांनी मान डोलवली. नेहमीसारखीच. त्या बाहेर गेल्या आणि बाकड्याच्या डाव्या टोकाला बसल्या.

मृणालने पुढची चिठ्ठी घेतली नाही. ती जाळीपाशी उभी होती. चंद्रप्रभांनी मान उजवीकडे कलवली. आज त्यांना जास्त वेळ लागत होता. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मधेच त्यांनी पिवळं पाकीट उचलून शेजारच्या रिकाम्या जागेला दाखवलं, मग पांढरं. मग त्या उठल्या. पण फाटकाकडे न जाता काठी टेकत उलट्या खिडकीकडे आल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना ढकलून पुढे शिरल्या.

‘अम्मा, लाइन है,’ राजाराम म्हणाला.

‘चुप रहो.’ त्यांनी दोन्ही पाकिटं खिडकीच्या कठड्यावर ठेवली. ‘पीली की आधी गोली सुबह, रोटी सामने रखके. रात को नहीं. सफ़ेद रात को. ठीक?’

‘ठीक,’ मृणाल म्हणाली. ‘बिल्कुल ठीक, अम्मा. किसने बताया?’

‘किसने क्या. तुमने भी, उन्होंने भी.’ चंद्रप्रभांनी खांद्यावरून मागे, व्हरांड्याकडे पाहिलं. ‘पर वो पूछ रहे हैं, सफ़ेद खाने से पहले कि बाद में? कह रहे थे, मैडम ने बताया नहीं.’

मृणालला आठवलं. खरंच तिने सांगितलं नव्हतं. चंद्रप्रभांनाही नाही, त्या दुपारी बाकड्यावरही नाही. त्या गोळीला जेवणाआधी काय आणि नंतर काय, काहीच फरक पडत नव्हता, म्हणून ते सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

‘वहीं बैठे हैं अभी,’ चंद्रप्रभा म्हणाल्या. ‘मरीज़ बाकी हैं न.’

रांग कुरकुरत होती. मृणालने कात्री ठेवली, खिडकीची झडप अर्धी खाली ओढली आणि मागच्या दाराने व्हरांड्यात गेली.